बोथहून मुंबई, डिसेंबर १९३७

इगतपुरीला अजून उजाडायचं आहे. डब्याला एक हिसका बसतो, मग शांतता. वाफेचं इंजिन सुटलं, आता विजेचं लागणार. तुम्ही खिडकीतून डोकं बाहेर काढता. पुढे घाट, दऱ्या आणि बोगदे, आणि गाडीला धूर नाही! सदऱ्यावरची काजळी मात्र अजून आहे. बोथहून किनवटपर्यंत बैलगाडी, तिथून मुदखेडवरून मनमाडपर्यंत निजामाची छोटी गाडी, मनमाडला ही मोठी. वेचणी उरकली, कापूस गेला, हातात चार पैसे आले. एकट्यानं मुंबई बघायला निघालात म्हणून घरचे अजून चकित आहेत.

कनवटीला रुपये आहेत, पण ते कालचे नाहीत. काल निजामाचे हाली सिक्के होते, एका बाजूला चारमिनार आणि त्याच्या कमानीत कोरलेलं अरबी ऐन अक्षर. मनमाडच्या सराफानं ते मोजून घेतले आणि सातांना सहा या हिशेबानं इंग्रजी कलदार दिले. यावर पंचम जॉर्ज बादशहाचा मुकुटातला चेहरा. तोही तुमचा कुणी लागत नाही, पण मुंबईत चालतो तो हाच.

बोरीबंदरला उतरल्यावर मान वर करून घुमट बघता बघता वळकटीला धक्के बसतात. स्टेशनच्या घड्याळाशी वेळ ताडून तुम्ही क्रॉफर्ड मार्केटपर्यंत चालत जाता, तर तिथलं घड्याळ जवळजवळ पाऊण तास मागे. बिघडलेलं नाही ते. १९०६ साली साऱ्या हिंदुस्थानासाठी एक प्रमाणवेळ ठरली. रेल्वेनं ती घेतली, मुंबईच्या महापालिकेनं नाकारली. फरक ३९ मिनिटांचा. महापालिका आपल्या वेळेवर १९५५ पर्यंत अडून राहणार आहे. सरकारनं ठरवलेली वेळ एक शहर मानत नाही, आणि त्यासाठी कुणाला तुरुंगात घालत नाहीत. निजामाच्या मुलखातून आलेल्या माणसानं थांबून बघावं असं मुंबईत काही असेल तर माझ्या मते ते हे घड्याळ आहे.

मार्केटजवळच सरदारगृह. टिळकांनी १ ऑगस्ट १९२० ला देह ठेवला तो इथे. तुम्ही चप्पल काढून दारातूनच हात जोडता.

बघण्यासारखं पुष्कळ आहे आणि तुम्ही ते बघताही. राणीच्या बागेतला घारापुरीचा दगडी हत्ती बघता. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला काढला तेव्हा उचलताना साखळी तुटली आणि त्याचे तुकडे झाले. पुढे ते जोडले, ते सांधे बोटाला लागतात. पालव्याच्या बंदरावर तेरा वर्षांपूर्वी खुला झालेला गेटवे, पिवळसर दगडाचा. त्याच्या पायऱ्यांवर तुम्ही बराच वेळ बसता. बोथजवळचा पोचेऱ्याचा धबधबा पावसाळा सरला की आवाज उतरवतो. हे समुद्राचं पाणी दमतच नाही. शेजारी कुणी ओळखीचं नाही, म्हणून किती वेळ बसलात हे विचारायलाही कुणी नाही. एकट्यानं येण्याचा हा फायदा कुणी सांगितला नव्हता.

पण तुम्हाला मनापासून जायचं होतं ते कॉटन ग्रीनला. बोरीबंदरहून विजेची लोकल. ही १९२५ पासून धावते, आणि शिवडीचं कापूस बाजाराचं मोठं घरही त्याच साली उघडलं. आत पाऊल टाकताच ओळखीचा वास येतो, सरकीचा आणि तागाच्या पोत्यांचा. गठाणीच गठाणी. एक दलाल नमुन्यातून चिमूटभर रुई घेतो, दोन्ही अंगठ्यांखाली धरून हलकेच ओढतो, तुटलेला पुंजका पुन्हा टोकाला टोक लावून जुळवतो, पुन्हा ओढतो. शेवटी काळ्या बाहीवर उरतात ते फक्त समांतर धागे; त्यांच्याकडे बघून तो लांबी सांगतो. तुमच्या गावचा व्यापारी नुसता मूठ दाबून भाव बोलतो. इथे भाव ७८४ रतलांच्या खंडीवर, गावी मणावर. तुम्ही भिंतीला टेकून मणाची खंडी करता, कलदाराचे हाली करता, गाडीभाडं आणि हद्दीवरची करोडगिरी वजा घालता. तरी मधे बरंच उरतं. ते कुणाकडे राहतं हे विचारायचं, असं तुम्ही तिथेच ठरवता. ‘गावराणी’ असं कुणीतरी मोठ्यानं म्हणतं, आणि नांदेड-अदिलाबादकडचा तो कापूस इथे नावानं ओळखला जातो हे ऐकून छाती भरून येते.

संध्याकाळी ट्राम गिरगावात सोडते. पाट्या मराठी, भांडणं मराठी, आणि प्रभातचा या वर्षीचा ‘कुंकू’ सिनेमा लोकांच्या तोंडी. बोथला कचेरीचा कागद उर्दूत येतो, तो वाचून घ्यायला माणूस शोधावा लागतो.

चौपाटीवर सभा आहे. वाळूत हजारभर तरी माणसं बसली आहेत. जुलैपासून प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आहे, पण राज्य इंग्रजांचंच. कडेला पोलीस उभा आहे, कुणीतरी भाषण उतरवून घेतो आहे. तरी लोक खुशाल चणे खात ऐकताहेत. तुम्ही मागे टेकता आणि शेजारच्या गिरणी कामगाराला हळूच विचारता,

“परवानगी कुणाची काढली?”

“कसली?”

“सभेची.”

तो वळून बघतो. “कुठले तुम्ही?”

“बोथ. निजामात. किनवटच्या पलीकडे.”

किनवट त्याला ऐकून माहीत आहे, बोथ नाही. एकोणीस वर्षांनी राज्यांच्या रेघा पुन्हा ओढतील तेव्हा किनवट मराठी मुलखात येईल आणि बोथ पलीकडे राहील, हे दोघांनाही आज कळायचं कारण नाही.

“तिकडं सभेला परवानगी लागते?”

“गश्ती निशाण ५३,” तुम्ही म्हणता. “१९२९ पासून. आधी सरकारला अर्ज, मग सभा.”

“आणि नाही दिली तर?”

तुम्ही इकडेतिकडे बघता. सवय. मग आवाज थोडा वाढवून सांगायला लागता. तो सोबतच्या दोघांना हाताने जवळ बोलावतो, “अरे, ह्यांचं ऐका,” आणि ते गुडघ्यांवर सरकत तुमच्याकडे तोंड करून बसतात.