उंबऱ्यावरची फळी

युरोपात थंडी पडली की मोटरसायकली झोपायला जातात. ब्रिटनसारख्या देशांत रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात आणि ते मीठ लोखंड खातं. त्यामुळे हिवाळ्याआधी लोक बॅटरी काढतात, टाकी भरतात, गाडी परसातल्या लाकडी खोपटात ढकलतात आणि थेट वसंतात बाहेर काढतात. खोपटाचं दार अरुंद असतं, खाली चौकटीची पट्टी असते. म्हणून एक फळी लागते.

ती फळी आपल्याकडेही होती. फक्त ऋतू वेगळा आणि दार घराचंच.

जळगावला चिकटलेल्या, तलावाकाठच्या मेहरूणमध्ये हिवाळा म्हणजे बोरांचा मोसम. त्या दिवसांत कुणी गाडी झाकून ठेवत नाही. खानदेशात गाडीचे वैरी दोन. एक, एप्रिल-मेचं पंचेचाळीस अंशांचं ऊन. त्याने सीट तडकते, रबर कडक होतं, रंग उडतो. दुसरा, त्यानंतरचा काळ्या मातीचा चिखल. तो चाक आणि मडगार्डच्या मध्ये भरला की गाडी जागची हलत नाही. कच्च्या रस्त्याच्या गावात फटफटी पावसाळ्याचे बरेच दिवस घरातच उभी असायची.

पण गाडी घरात घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हवामान नव्हतं. ती मिळायचीच मुश्किलीने.

१९५१च्या उद्योग कायद्यानंतर कोणता कारखाना काय आणि किती बनवणार, हे सरकारी परवान्यावर ठरायचं. १९५५पासून मद्रासला बुलेट जोडली जाऊ लागली, १९६१ला म्हैसूरहून जावा आली, त्याच दशकात एस्कॉर्ट्सची राजदूत आली. पण मागणीच्या मानाने गाड्या थोड्याच निघायच्या. बजाजच्या स्कूटरसाठी तर दहा-दहा वर्षं नंबर लागायचा. इतकी वाट बघून आलेली वस्तू रात्री गल्लीत कोण ठेवेल? ती यायची, तिला हार घातला जायचा, चाकाखाली लिंबू चिरडलं जायचं आणि मग ती ओसरीत जाऊन उभी राहायची.

अडचण घराची होती. खानदेशातली जुनी धाब्याची घरं, म्हणजे मातीचं सपाट छत आणि जाड भिंतींची घरं, माणसं आणि गुरं यांचा विचार करून बांधलेली. पुढे ओटा, मग उंबरठा, मग ओसरी. पावसाचं पाणी आणि विंचूकाटा आत येऊ नये म्हणून जोतं उंच. बैलाला याचा त्रास नव्हता. बैल पाय उचलतो, चाक उचलत नाही. दोन चाकं आत घ्यायची तर फळी हवी.

या फळीचं गणित सोपं आहे. ओटा दोन फूट उंच आणि फळी आठ फूट लांब असेल, तर गाडीच्या वजनाच्या साधारण एक चतुर्थांश जोर लावावा लागतो. १२० किलोची गाडी धरली तर ३० किलो. फळी चारच फुटांची असली की तोच जोर दुप्पट, म्हणजे ६० किलो. शिवाय तोकड्या फळीवरून पुढचं चाक वर गेल्यावर इंजिनाचा तळ ओट्याच्या कडेला टेकतो आणि गाडी ना इकडची ना तिकडची होते. म्हणून फळी लांब हवी, खाली सरकू नये म्हणून तिच्या पायाला दगड हवा आणि वर गोणपाट टाकलेलं बरं, म्हणजे ओला टायर घसरत नाही. जुन्या दाराची चौकट अरुंद, हँडल रुंद. मग हँडल तिरकं करून आधी एक मूठ आत, नंतर दुसरी. घरातला एक जण पुढून ओढणार, दुसरा मागून ढकलणार आणि तिसरा नुसत्या सूचना देणार.

महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर आणखी कामं असतात. लोखंडी टाकी काठोकाठ भरायची, कारण रिकाम्या जागेतल्या हवेची वाफ आत धरते आणि गंज चढतो. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होऊ द्यायचा. गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची. उंदीर वायरी कुरतडणार नाहीत, हे बघायचं. आजच्या गाडीला कार्ब्युरेटर नसला तरी टाकीचा सल्ला लागू आहे. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेलं असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं.

इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही मेकॅनिककडे ऐकायला मिळेल. तो सहसा सांगत नाही ती गोष्ट वेगळी आहे: घरातल्या गाडीवर हक्क कोणाचा?

आपल्याकडे उंबरठा नुसता लाकडाचा तुकडा नाही. त्याला हळदकुंकू वाहतात. नवी सून माप ओलांडून त्यावरूनच आत येते. हुंडाबंदीचा कायदा १९६१चा, म्हणजे जावा म्हैसूरला बनू लागली त्याच वर्षीचा. तरी पुढची कित्येक वर्षं लग्नाच्या बोलणीत सोन्याबरोबर गाडीचं नाव निघत राहिलं. कितीतरी घरांत सून आणि फटफटी एकाच लग्नात, एकाच उंबरठ्यावरून आत आल्या. पैसे मुलीच्या बापाचे, चावी जावयाच्या खिशात.

किल्ली हातात असती तरी सुनेला ती गाडी बाहेर काढता आली नसती. दीडशे किलोंचं वजन मागे बघत, फळीवरून उलटं उतरवायला दोन माणसं लागतात. फळी, वजन आणि किक, या तिन्ही गोष्टींनी मिळून कोण बाहेर जाणार हे ठरवलं. कुणी मनाई करायचीही गरज नव्हती.

म्हणून मला लूना महत्त्वाची वाटते. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने आणलेली, पेडल असलेली ५० सीसीची ही गाडी. तिची चेष्टा खूप झाली. पण ती एका माणसाला, एका बाईला, दोन पायऱ्या उतरवून रस्त्यावर आणता येत होती. १९८४ला कायनेटिक होंडा बटणावर सुरू होऊ लागली आणि किकही गेली. नव्वदच्या दशकात स्कूटी आली, २००१ला अॅक्टिव्हा. शिक्षिका, नर्स, कॉलेजातल्या मुली यांच्या बाहेर पडण्याचा इतिहास लिहायचा तर शाळा-कॉलेजांच्या जोडीने गाड्यांची वजनंही लिहायला हवीत.

पुढे गाड्या मुबलक झाल्या. १९८५ला हीरो होंडा आणि आरएक्स १०० आल्या, परवान्यांचा काळ सरला आणि नंबर लावायची पद्धत संपली. घरंही बदलली. धाब्याच्या जागी स्लॅब आला, गोठ्याची पार्किंग झाली आणि फळीच्या जागी सिमेंटचा उतार. तो उतार गटारीवरच्या ढाप्यापर्यंत, कधी ढाप्यावरून रस्त्यात. प्रत्येकाची गाडी सुखाने आत जाते आणि पावसाचं पाणी मात्र तुंबून गल्लीत फिरतं. एके काळी फळी काम झालं की उचलून भिंतीला टेकवत. सिमेंट उचलता येत नाही.

आता गाडी पुन्हा घरात शिरते आहे, चार्जिंगसाठी. २०२२च्या उन्हाळ्यात देशात विजेच्या स्कूटरींना आगी लागल्या. वेल्लोरमध्ये घरी चार्जिंगला लावलेल्या गाडीच्या आगीत दोन जीव गेले. त्यानंतर बॅटरीचे नियम कडक झाले. तरी ४५ अंशांच्या जळगावात रात्रभर चार्जिंग करायचं, तर गाडी ओसरीत असावी की मोकळ्या शेडमध्ये, हा प्रश्न घरातल्या सगळ्यांचा आहे. गाडी बाहेर जायच्या एकमेव दाराच्या वाटेत तरी उभी नसावी.

पुढच्या वेळी आजीकडे गेलात तर तीन गोष्टी विचारा. घरात पहिली गाडी कोणती आली? ती कुठे उभी असायची? आणि ती बाहेर काढायला किती माणसं लागायची? तिसऱ्या प्रश्नाला आजी जरा थांबली, तर घाई करू नका.