काळी-पिवळीचे वय आणि पासिंगची परीक्षा

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीविषयी आजवर झालेले लेखन बहुतांशी स्मरणरंजनाच्या अंगाने झाले असले, तरी जुने होत जाणारे वाहन रस्त्यावर किती काळ राहू द्यावे आणि ते कोणत्या कसोटीवर ठरवावे, या प्रश्नाचा इतिहासही त्याच टॅक्सीच्या चरित्रात दडलेला आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने भाड्याने प्रवासी अथवा माल वाहणाऱ्या वाहनांसाठी योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे वाहन कायद्याने घातलेल्या अटींना उतरते असा अधिकृत दाखला, आवश्यक ठरवले. टॅक्सीधंद्यात हा दाखला मिळवण्याच्या प्रक्रियेस ‘पासिंग’ म्हणतात. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८ च्या कायद्याने ही व्यवस्था कायम ठेवली आणि नियमांनी नव्या व्यावसायिक वाहनाचे पहिले प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी ग्राह्य धरून त्यानंतर दरवर्षी तपासणी लागू केली. खाजगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांसाठी ग्राह्य धरण्यात आली. ब्रिटनने १९६० मध्ये दहा वर्षांवरील मोटारींची चाचणी सुरू करून १९६७ पर्यंत ही मर्यादा तीन वर्षांवर आणली होती, हे लक्षात घेता भारतीय कायद्याचा भर वाहनाच्या वयापेक्षा त्याच्या वापरावर राहिला, असे दिसते.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट कंपनीच्या परवान्याने तयार होणारी ‘११००’ ही मोटार १९७० च्या दशकात पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचा मूळ आराखडा १९५० च्या दशकातील इटलीचा होता आणि तिला स्वतंत्र सांगाडा, म्हणजे चासी, नव्हता. पत्र्याची जोडलेली काया हाच तिचा आधार होता. त्यामुळे खाऱ्या दमट हवेत तळाचा पत्रा गंजला, की प्रश्न केवळ दिसण्याचा राहत नसे. ज्या जागी चाकांचे जोड बसवलेले असत, ती जागाच कमकुवत होई. ब्रेकच्या रबरी नळ्या कालांतराने कडक होऊन तडकतात, ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेत असल्याने त्याचा उत्कलनबिंदू उतरतो व सतत ब्रेक दाबल्यास वाफ धरून पेडल पोकळ लागते, तसेच सुकाणूचे सांधे झिजून चक्राला मोकळी चाल येते. हे दोष हळूहळू वाढत असल्याने रोज तीच गाडी हाकणाऱ्या चालकाला त्यांची सवय होऊन जाते, आणि म्हणूनच त्रयस्थाने मुदतीने केलेली तपासणी अपरिहार्य ठरते.

नवी मोटार मिळण्यास वर्षानुवर्षे थांबावे लागण्याच्या काळात दुरुस्ती हाच टॅक्सीमालकाचा व्यवहार्य मार्ग होता, आणि सुटे भाग स्वस्त व कारागीर मुबलक असल्याने तो पुढेही टिकला. इंजिन बदलले जाई, पेट्रोलच्या जागी डिझेल आणि पुढे सीएनजी येई, मागच्या डिकीत गॅसच्या टाकीचे वजन वाढे. परंतु नोंदणीपुस्तकातील वर्ष तेच राही. अशा गाडीचे खरे वय कागदावरून कळणे शक्य नव्हते. ते ब्रेक, जोड आणि पत्रा पाहूनच ठरवावे लागे. ते पाहण्याची साधने मात्र अपुरी होती. निरीक्षकाची नजर व थोडी चालवून पाहणे यांवर तपासणी भागवली जात असल्याच्या तक्रारी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि २०१६ मध्ये न्यायालयाने ब्रेकच्या चाचणीसाठी २५० मीटरचा पट्टा असण्यावर भर दिला.

तपासणी अशी अपुरी असताना वयाची अट हा सोपा पर्याय ठरला. मुंबईत टॅक्सीसाठी २००८ मध्ये २५ वर्षांची व २०१३ मध्ये २० वर्षांची कमाल मर्यादा आली, आणि २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे नोंदवली गेलेली अखेरची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सेवेतून बाद झाली. या अटीचे समर्थन दोन भिन्न गोष्टी एकत्र करून केले जाते: जीर्णता, म्हणजे वापराने आलेली झीज, आणि कालबाह्यता, म्हणजे आराखड्यातच सुरक्षेची नवी साधने नसणे. जीर्णता तपासणीने उघड होते व दुरुस्तीने दूर करता येते. कालबाह्यता दुरुस्तीने जात नाही. पद्मिनी तर कारखान्यातून बाहेर पडतानाच कालबाह्य होती, त्यामुळे पाच वर्षांची पद्मिनीही अपघातात आतील माणसांना वीस वर्षांच्या पद्मिनीपेक्षा फारसे अधिक संरक्षण देत नव्हती. उलट वीस वर्षे नीट राखलेल्या गाडीचे ब्रेक पाच वर्षे दुर्लक्षित राहिलेल्या गाडीपेक्षा भरवशाचे असू शकत.

ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाने स्वयंचलित चाचणी केंद्रांची, म्हणजे ब्रेक, दिवे, धूर आदींची मोजणी यंत्राने करणाऱ्या केंद्रांची, कल्पना पुढे आणली आणि मोडीत काढण्याचा निर्णय चाचणीच्या निकालाशी जोडला. काळी-पिवळीच्या इतिहासाकडे पाहता हा बदल योग्य दिशेचा मानावा लागतो. कारण नोंदणीची तारीख गाडी कधी रस्त्यावर आली एवढेच सांगते, तिने रस्त्यावर राहावे की नाही हे सांगण्याचे काम मात्र पासिंगचेच आहे.