भंडाऱ्याचा विद्यार्थी आणि नागपूरची वाट

विसाव्या शतकाच्या प्रारंभी भंडारा जिल्ह्यातील ज्या मालगुजाराने वा कचेरीतील कारकुनाने आपल्या मुलास मॅट्रिकपलीकडे शिकविण्याचे मनावर घेतले, त्याच्यापुढे अर्ज कोठे करावा हा प्रश्न मोठा नसला तरी सोपा खचितच नव्हता. कारण जिल्ह्यात महाविद्यालय नसल्याने वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून नागपूरची गाडी धरणे क्रमप्राप्त होते, आणि तेथे मिशनऱ्यांचे हिस्लॉप महाविद्यालय बरे की १८८५ साली निघालेले मॉरिस, याचा निवाडा गुणवत्तेइतकाच शुल्काची तजवीज आणि आप्ताचे बिऱ्हाड यांवर होई. मुलाबरोबर पत्र्याची पेटी जाई, घरच्या तांदळाचे पोते जाई. आणि ज्याच्या घरी उतरायचे त्या आप्ताचा होकार मला तरी प्रवेशाच्या दाखल्याहून मोलाचा वाटतो.

पदवीची सनद मात्र आधी कलकत्त्याची, मग अलाहाबादची! १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा कोठे ही दूरची ताबेदारी संपली. त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले; पण भंडाऱ्याहून ते नागपूरच्याही पलीकडे.

खरा पालट १९५८ नंतरचा. त्या वर्षी मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापिली. गोंदिया तेव्हा याच जिल्ह्यात होते. पुढे भंडाऱ्यातही महाविद्यालय आले, आणि नागपुरात ज्यांचे कोणी नव्हते अशा घरांतील मुलामुलींना, विशेषतः मुलींना, अर्ज करण्याजोगे पहिले ठिकाण आपल्याच जिल्ह्यात लाभले.