सोमवारचा तक्ता : मित्रांच्या हॉकी पूलची वाटचाल

ऑक्टोबरच्या तोंडावर दहा-बारा मित्र एकत्र जमतात. प्रत्येकाच्या हातात नावांची यादी असते, काही नावं खोडलेली, काहींच्या खाली दोन-दोन रेघा. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो आणि नॅशनल हॉकी लीगमधले खरे खेळाडू एकेक करून वाटून घेतले जातात. हा ड्राफ्ट. मग एप्रिलपर्यंत हे खेळाडू बर्फावर जे गोल करतील आणि गोलासाठी जे पास देतील, त्यांचे गुण ज्याच्या त्याच्या नावावर जमा होत राहतात. दर आठवड्याला बेरीज होते, क्रमवारीचा तक्ता निघतो आणि मधल्या काळात खेळाडूंची अदलाबदल चालते. कॅनडात या व्यवस्थेला हॉकी पूल म्हणतात. कचेऱ्यांत, कारखान्यांत, शिक्षकांच्या खोल्यांत, क्वेबेकमधल्या फ्रेंचभाषक घरांतही ती मुरलेली आहे.

तिची कुठे नोंदणी नसते, तिला इमारत नसते. तरीही मी तिला संस्थाच म्हणेन. सभासद ठरलेले, वार्षिक सभा ठरलेली, नियमावली लेखी, वाद मिटवायला एक कमिशनर आणि हिशेबाची वही. आपल्याकडच्या भिशीत जे असतं ते सगळं इथे आहे, आणि भिशीसारखीच तीही माणसांच्या शब्दावर उभी असते. नोकरीनिमित्त गाव सुटतं, लग्नं होतात, मुलं होतात, मित्रांचे फोन वाढदिवसापुरते उरतात. पूलमधल्या मित्राशी मात्र दर आठवड्याला काहीतरी बोलायचं असतंच. या संस्थेच्या इतिहासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

तिची लेखी मुळं मात्र बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये सापडतात. १९६० साली हार्वर्डमधले समाजशास्त्रज्ञ विल्यम गॅमसन यांनी काही सहकाऱ्यांबरोबर एक खेळ सुरू केला. प्रत्येकाने दहा डॉलर घालायचे, बेसबॉलपटूंवर बोली लावायची आणि हंगामाच्या शेवटी कोणाचे खेळाडू सरस ठरले ते पाहायचं. जुगाराचा शिक्का बसू नये म्हणून त्याला नाव दिलं ‘बेसबॉल सेमिनार’. गॅमसन मिशिगन विद्यापीठात गेले, तेव्हा खेळही त्यांच्याबरोबर गेला. तिथे तो खेळणाऱ्या प्राध्यापकांत रॉबर्ट स्क्लार होते आणि स्क्लार यांच्या विद्यार्थ्यांत डॅनियल ओक्रेंट. दुसरीकडे, ओकलंड रेडर्स या फुटबॉल संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख १९६२ मध्ये संघाबरोबर न्यूयॉर्कला गेले होते. तिथल्या हॉटेलात त्यांनी दोन परिचितांना हाताशी धरून असेच नियम लिहून काढले. पुढच्या वर्षी त्यांच्या ओकलंडच्या घरी आठ संघांचा पहिला ड्राफ्ट झाला.

पण आज जगभर पसरलेलं रूप आलं ते ओक्रेंट यांच्याकडून. १९७९ च्या अखेरीस विमानप्रवासात त्यांनी नियम जुळवले आणि न्यूयॉर्कमधल्या ‘ला रोटिसरी फ्रांसेज’ या रेस्टॉरंटात मित्रांपुढे मांडले. म्हणून ती रोटिसरी लीग. १९८० च्या वसंतात पहिला लिलाव झाला. पुढे २६० डॉलरमध्ये २३ खेळाडू हा नियम रूढ झाला. फलंदाजी आणि गोलंदाजीच्या आठ रकान्यांत प्रत्येक संघाचा क्रम लावायचा आणि त्या क्रमांच्या गुणांची बेरीज करायची, ही पद्धतही तिथलीच. संगणकाचा आधार नव्हता. साप्ताहिक ‘द स्पोर्टिंग न्यूज’ हाती पडलं की आकडे उतरवून घ्यायचे, सरासरी काढायच्या आणि तक्ता बनवायचा, हे सगळं हाताने. मंडळींत संपादक आणि लेखकच जास्त, त्यामुळे खेळाची बातमी लवकर पसरली. १९८१ मध्ये बेसबॉलपटूंचा संप झाला आणि खेळच बंद असल्याने क्रीडापत्रकारांनी या लीगवर लिहिलं. १९८४ मध्ये नियमांचं पुस्तकही निघालं. ज्याने हे सगळं सुरू केलं त्या ओक्रेंट यांना स्वतःची लीग कधीच जिंकता आली नाही, तरी ते वर्षानुवर्षं खेळत राहिले.

हॉकीत ही कल्पना झपाट्याने रुजली, याला एक साधं कारण आहे. बेसबॉलचा हिशेब किचकट, तर हॉकीत गोलाला एक गुण, गोलाच्या आधीच्या जास्तीत जास्त दोन पासांना, म्हणजे असिस्टना, प्रत्येकी एक, आणि ही बेरीज नॅशनल हॉकी लीग स्वतःच ठेवते. वर्तमानपत्रात रोज सामन्यांचे तपशील छापून येत. एक पेन्सिल, एक रेघांची वही आणि थोडी चिकाटी असलेला कोणीही माणूस पूल चालवू शकत असे. अशी एक व्यक्ती प्रत्येक कचेरीत असतेच. शनिवारच्या रात्री सगळा देश टीव्हीवर सामना पाहणार, रविवारी ही व्यक्ती आकडे जुळवणार आणि सोमवारी सकाळी चहा-कॉफीच्या यंत्राशेजारी तक्ता लागणार. पुढे त्या तक्त्याच्या छायाप्रती निघू लागल्या, मग तो फॅक्सने दुसऱ्या शहरी गेलेल्या मित्रांकडे पोचू लागला. हे काम बिनपगारी, आणि चूक झाली तर पहिली बोलणी हिशेब ठेवणाऱ्यालाच बसायची. पूलच्या इतिहासात विजेत्यांची नावं आठवतात, या हिशेबनीसांची आठवत नाहीत. मला वाटतं, पहिला मान त्यांचा आहे.

मग आला वेन ग्रेट्स्की, आणि या सोप्या हिशेबाचा पायाच हलला. १९८१-८२ च्या हंगामात एडमंटन ऑयलर्सच्या या तरुणाने ९२ गोल आणि १२० असिस्ट, म्हणजे २१२ गुण केले. १९८२-८३ मध्ये त्याचे असिस्टच १२५ होते, आणि गुणतक्त्यात दुसऱ्या आलेल्या पीटर श्टास्टनीची सगळी बेरीज १२४. १९८५-८६ मध्ये ग्रेट्स्कीचे असिस्ट १६३ आणि एकूण गुण २१५. त्या वर्षी दुसरा होता मारिओ लेम्यू, १४१ गुणांवर. पूलच्या दृष्टीने याचा अर्थ भयंकर होता. ज्याची पहिली चिठ्ठी निघाली तो ग्रेट्स्कीला घेणार, आणि बाकीच्या अकरा जणांचा हंगाम तिथेच संपणार. अनेक पूलनी यावर जो तोडगा काढला तो मला या संस्थेच्या बुद्धीचा सर्वांत सुंदर नमुना वाटतो. त्यांनी ग्रेट्स्कीचे दोन भाग केले. एकाने ‘ग्रेट्स्कीचे गोल’ घ्यायचे, दुसऱ्याने ‘ग्रेट्स्कीचे असिस्ट’. काही ठिकाणी त्याला पूलबाहेरच ठेवलं. वरचे आकडे पाहिले की कळतं, अर्ध्या ग्रेट्स्कीनेही पहिली पसंती मिळवावी अशी वर्षं होती. ड्राफ्टची सापासारखी वळणारी पद्धत, म्हणजे पहिल्या फेरीत शेवटी आलेल्याने दुसऱ्या फेरीत पहिलं घ्यायचं, हीसुद्धा अशीच समतोलासाठी आलेली. मित्रांच्या खेळात कोणी सुरुवातीलाच हरता कामा नये, एवढीच त्यामागची कळकळ.

सगळे नियम इतके शहाणे नव्हते. काही पूलमध्ये शिक्षेची मिनिटंही गुण म्हणून धरली जात. १९८७-८८ मध्ये डेट्रॉइटच्या बॉब प्रोबर्टने ६२ गुण केले आणि ३९८ मिनिटं शिक्षेच्या बाकावर काढली, तेव्हा असा खेळाडू वहीत सोन्याच्या भावाने गेला. पण मारामारीची मिनिटं मोजून आनंद मानणं अनेकांना पुढे बोचू लागलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून नॅशनल हॉकी लीग टकरी आणि अडवलेले फटके यांचीही नोंद ठेवू लागली, तसे बऱ्याच ठिकाणी शिक्षेच्या रकान्याऐवजी हे रकाने आले. ते योग्यच झालं. बचावपटूचं कष्टाचं काम त्यामुळे तक्त्यात दिसू लागलं.

आता ट्रेडविषयी, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीविषयी. तक्त्याचं काम फक्त पुढे कोण आणि मागे कोण हे सांगण्यापुरतं नसतं. कोणाला काय कमी पडतंय तेही तो उघडं करतो. समजा एक जण गोलांत दुसरा आहे, पण गोलरक्षकांच्या विजयांत तळाला. त्याच तक्त्यात दुसऱ्या कोणाकडे तीन चांगले गोलरक्षक आहेत आणि गोल करणारा कोणी नाही. सोमवारी तक्ता लागला की मंगळवारी यांचा फोन ठरलेला. इथून जे बोलणं सुरू होतं त्याची एक रीत आहे. हवा असलेला खेळाडू पहिल्या वाक्यात कधी मागायचा नाही. आधी इकडच्या-तिकडच्या गोष्टी, मग त्याच्या जखमी खेळाडूची चौकशी, मग आपल्याकडच्या एखाद्याची सहज आठवण. समोरच्यालाही ते कळत असतं, आणि तोही त्याच तालात उत्तर देतो. आठवडाभर घासाघीस होते. कधी एकास एक सौदा होतो, कधी दोन मध्यम देऊन एक मोठा. कधी काहीच होत नाही, पण तेवढ्या आठवड्यात दोन मित्रांनी एकमेकांची नोकरी, घर, आईवडिलांची तब्येत सगळं विचारून घेतलेलं असतं.

वादही इथेच होतात. तळाला गेलेल्या माणसाने मार्चमध्ये आपला मोहरा जवळच्या मित्राला स्वस्तात देऊन टाकला, की बाकीचे उसळतात. म्हणून ट्रेडची अंतिम तारीख आली, कमिशनरची मंजुरी आली, सभासदांच्या मतदानाने सौदा रद्द करण्याची तरतूद आली. या शेवटच्या तरतुदीबद्दल माझं मत ठाम आहे. दोघांनी संगनमत केलं असेल तरच सौदा मोडावा. कोणी मूर्खपणाचा सौदा केला म्हणून तो मोडू नये, कारण चुकीचा सौदा करण्याचा हक्क हाच या खेळाचा प्राण आहे. ‘कीपर’ पद्धतीने या दुखण्यावर खरा इलाज केला. काही खेळाडू पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येऊ लागले, आणि तळाच्या माणसालाही आजचा तिशीतला खेळाडू देऊन विशीतला घेण्यात अर्थ उरला. पूलचं आयुष्य एका हंगामावरून दहा-वीस वर्षांवर गेलं ते या नियमामुळे.

बर्फ रिकामा पडला तेव्हा पूललाही झळ बसली. १९९४-९५ आणि २०१२-१३ या टाळेबंदीच्या हंगामांत प्रत्येक संघाचे ४८च सामने झाले. २००४-०५ चा तर अख्खा हंगाम रद्द झाला. राखून ठेवलेल्या खेळाडूंचं त्या वर्षी काय करायचं, याची सोय बऱ्याच नियमावलींत नव्हती. १२ मार्च २०२० ला महासाथीमुळे लीग थांबली, आणि अर्धवट तक्त्यावरचा पहिला विजेता मानायचा की नाही, यावर जागोजागी मतभेद झाले.

संगणकाचा भाग थोडक्यात. १९९९ पासून याहूसारख्या सेवा फुकट मिळू लागल्या, तक्ता आपोआप आणि क्षणाक्षणाला बदलू लागला. हिशेबनीस सुटला, पण सोमवारची वाट पाहणंही गेलं. अनेक कमिशनरांनी म्हणून आठवड्याचा लेखाजोखा स्वतःच्या शब्दांत लिहून मित्रांना पाठवण्याची प्रथा जपली. ते मला फार आवडतं. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने, खेळाडूंची नावं आणि आकडे अशा खेळांत परवान्याविना वापरता येतात, असा निर्णय दिला. मग एका दिवसाचे, अनोळखी लोकांबरोबरचे पैशांचे खेळ आले : तिकडे २००९ मध्ये फॅनड्युएल, आपल्याकडे २००८ मध्ये मुंबईत सुरू झालेलं आणि पुढे या वळणावर आलेलं ड्रीम इलेव्हन. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला आणि इथले पैशांचे डाव थांबले. मला फॅनड्युएल आणि ड्रीम इलेव्हन या दोन्हींत पूलचं काहीच दिसत नाही. तिथे ट्रेड नाही, पुढचा आठवडा नाही, आणि फोन करावा असा माणूसही नाही.

मित्रांचा पूल मात्र चालू आहे. २०२२-२३ मध्ये कॉनर मॅकडेव्हिडने १५३ गुण केले, तेव्हा ग्रेट्स्कीच्या विभागणीची जुनी गोष्ट पुन्हा बोलली गेली. आता २०२६-२७ पासून लीग प्रत्येक संघाचे ८२ ऐवजी ८४ सामने ठेवणार आहे. त्यामुळे आठवड्यांची मांडणी, गोलरक्षकाच्या सामन्यांची मर्यादा आणि ट्रेडची अंतिम तारीख, तिन्ही नव्याने ठरवावी लागतील. येत्या ड्राफ्टच्या सभेपुढचा पहिला विषय तोच असेल.