उघडी आज्ञावली आणि मिटलेला लिफाफा

हिंदुस्थान सरकारच्या टपालखात्यानें १८७९ च्या जुलै महिन्यांत पाव आण्याचें पोस्टकार्ड काढलें, आणि थोड्याच काळांत आपल्या पांढरपेशा कुटुंबांत उघड्या व झांकल्या मजकुराविषयीं एक अलिखित शिष्टाचार रूढ झाला. पोंचल्याची खुशाली, पाऊसपाणी, लग्नाची तीथ हें कार्डावर जाई. कर्जाची गोष्ट, मुलीच्या स्थळाविषयींची शंका, दुखण्याचें खरें नांव हें लिफाफ्यांत जाई. कार्ड पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचलें तरी कोणास राग येत नसे. परंतु दुसऱ्याचा लिफाफा फोडणारा मनुष्य, मग तो घरांतील वडीलधारा कां असेना, हलका समजला जाई. धरमपेठेसारख्या वस्तींतील जुन्या घरांत ज्यांनीं तारेला ओवलेल्या कार्डांची चळत भिंतीवर आणि लिफाफ्यांचें पुडकें ट्रंकेच्या तळाशीं पाहिलें असेल, त्यांस हा भेद समजावून सांगावयास नको. त्यांतील मुख्य गोष्ट ही कीं, कोणता मजकूर कोठें घालावयाचा हें लिहिणारा स्वतः ठरवीत असे.

आज तोच मजकूर, आणि त्याहून कितीतरी अधिक, आपण खिशांतील स्मार्टफोनच्या स्वाधीन करतों. आपण कोठें गेलों, कोणाशीं बोललों, कोणतें औषध मागविलें, याची नोंद तो ठेवतो. त्यांतील कोणती नोंद कार्डावर जाते आणि कोणती लिफाफ्यांत, हें मात्र आपण ठरवीत नाहीं. तें त्या यंत्राची कार्यप्रणाली ठरविते. ही कार्यप्रणाली ज्या संहितेंत लिहिलेली असते ती सर्वांस वाचूं द्यावी, असा आग्रह धरणाऱ्या मंडळींचा इतिहास गेल्या चाळीस वर्षांचा आहे. तो येथें थोडक्यांत पाहावयाचा आहे.

दुसऱ्याचें पत्र वाचण्याची राज्यकर्त्यांची हौस कांहीं नवी नाहीं. धरमपेठेच्या पूर्वेस सीताबर्डीची टेकडी आहे. तेथें नोव्हेंबर १८१७ मध्यें भोसल्यांच्या फौजेशीं इंग्रजांची लढाई झाली. आणि पुढें मार्च १८१८ मध्यें रेसिडेंट जेन्किन्सनें अप्पासाहेब भोसल्यांस कैद केलें, तेव्हां बाजीराव पेशव्याशीं गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. लढाईंत जें साधलें त्याची पुरवणी पत्रांनीं झाली. नंतर याच अधिकारास १८८५ च्या तार-कायद्यानें व १८९८ च्या टपाल-कायद्यानें कलमांचें रूप दिलें. हे दोन्ही कायदे जाऊन त्यांच्या जागीं २०२३ चे नवे कायदे आले, तरी तो अधिकार त्यांतही राहिलाच. परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. या साऱ्या व्यवस्थेंत पत्र फोडणारा सरकारी अधिकारी असे, लेखी हुकुमानें फोडी, आणि लिफाफा विकणाऱ्या दुकानदाराचा त्याशीं कांहीं संबंध नसे. आपल्या काळाचें नवल हें कीं, लिफाफा तयार करणाराच आंतील मजकूर वाचूं लागला आहे.

या स्थितीवरचा एक उपाय फोन जन्मण्यापूर्वींच सुचला होता. सप्टेंबर १९८३ मध्यें रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थानें एक संपूर्ण मुक्त कार्यप्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला. मुक्त म्हणजे फुकट नव्हे; जी वाचतां येते, बदलतां येते व दुसऱ्यास देतां येते ती मुक्त, अशी त्याची व्याख्या होती. १९८९ सालीं त्यानें या तत्त्वास परवान्याचें कायदेशीर रूप दिलें. ज्यानें अशी आज्ञावली सुधारून पुढें दिली, त्यानें तिची मूळ संहिताही दिली पाहिजे, असा त्याचा मुख्य नियम होता. १९९१ मध्यें लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा लिहिला. त्याच गाभ्यावर उभारलेल्या अँड्रॉइड प्रणालीच्या संहितेचा मोठा भाग गूगल कंपनीनें २००८ सालीं प्रसिद्ध केला. दुकान, नकाशे, टपाल वगैरे कंपनीचीं स्वतःचीं अंगें मात्र तिनें बंद ठेवलीं. वाड्याचा दिंडीदरवाजा उघडा आणि माजघरास कुलूप, असा हा प्रकार होता.

या कुलपावरून पहिला खटका लवकरच उडाला. स्टीव्ह कॉन्डिक नांवाच्या कारागिरानें अँड्रॉइडची सुधारलेली आवृत्ति सायनोजनमॉड या नांवानें काढली होती. सप्टेंबर २००९ मध्यें गूगलनें त्यास पत्र पाठवून आपल्या मालकीचीं अंगें तींतून काढावयास सांगितलें, आणि त्यानें तीं काढलीं. तेव्हांपासून अशा प्रत्येक प्रणालीच्या भक्तमंडळींत एक वाद अखंड चालू आहे. सोयीसाठीं कंपनीचीं अंगें जोडावीं, कीं गैरसोय सोसून त्यांवांचून राहावें? दोन्ही पक्षांस आपापलीं कारणें आहेत, व दोन्ही प्रामाणिक आहेत.

परंतु अधिक बोधप्रद प्रसंग २०१३ सालचा आहे, कारण त्यांत आरोपी परका नव्हता. सायनोजनमॉड किती यंत्रांवर चालते हें कळावें म्हणून प्रत्येक फोनकडून निनांवी खानेसुमारी होत असे, आणि ज्यास ती नको त्यास ती बंद करतां येई. हा नकाराचा पर्याय एके दिवशीं काढून टाकण्यांत आला. हेतु इतकाच कीं, आंकडा खरा मिळावा. हेतु वाईट नव्हता, नोंदींत नांवही नव्हतें. तरीसुद्धां वापरणारांनीं मोठी हरकत घेतली, आणि कॉन्डिकनें तो पर्याय परत दिला. ही हरकत त्यांस घेतां आली, कारण बदल संहितेंत झाला होता व संहिता सर्वांच्या डोळ्यांपुढें होती. बंद प्रणालींत असा बदल झाला असता तर त्याची वार्ताही बाहेर पडती ना.

त्याच वर्षीं या मंडळींनीं एकेका उपयोजनास आपली संपर्कवही वा ठावठिकाणा नाकारण्याची सोय आपल्या आवृत्तींत घातली. गूगलच्या मूळ प्रणालींतही तशी एक कळ त्या वर्षीं लपलेली आढळली होती. डिसेंबरच्या सुधारणेंत ती काढून घेण्यांत आली. अखेर २०१५ सालीं अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून प्रत्येक परवानगी स्वतंत्रपणें विचारण्याची पद्धति सर्वांसाठीं सुरू झाली. आज प्रत्येक गृहिणीच्या फोनवर जो 'परवानगी द्यावी काय?' असा प्रश्न उमटतो, तो मूठभर हौशी लोकांनीं दोन वर्षें आधींच विचारावयास लावला होता.

उघडेपणाचा आणखी एक गुण मरणाच्या वेळीं दिसून येतो. सायनोजनमॉडच्या नांवानें उभी राहिलेली कंपनी २०१६ च्या अखेरीस आपली सेवा बंद करून बसली. परंतु संहिता उघडी असल्यामुळें तीच प्रणाली लिनेजओएस या नांवानें लगेच चालू राहिली. उलट बाजूचें उदाहरणही सांगितलें पाहिजे. फायरफॉक्सची मुक्त प्रणाली घातलेला फोन ऑगस्ट २०१४ मध्यें आपल्या देशांत १९९९ रुपयांस मिळूं लागला होता. वर्ष दीड वर्षांत मूळ संस्थेनें त्या फोनांतून अंग काढलें. त्या संहितेंतून पुढें कायओएस निघाली व २०१७ पासून जिओफोनच्या द्वारें ती खेडोपाडीं गेली. परंतु मुळाचा उघडेपणा फळांत पूर्णपणें उतरला असें म्हणतां येत नाहीं.

इकडे आपल्या देशांत हाच प्रश्न न्यायासनापुढें आला. खाजगीपणा हा मूलभूत हक्क नाहीं, असें सरकारचें म्हणणें होतें व त्यास १९५४ आणि १९६२ च्या निकालांचा आधार होता. ऑगस्ट २०१५ मध्यें तीन न्यायमूर्तींनीं हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविला, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें तो हक्क मान्य केला. या दोन्ही पीठांवर नागपूरचे सुपुत्र शरद बोबडे होते, हें नागपूरकरांस सहज अभिमानाचें वाटेल. आपल्या स्वतंत्र निकालपत्रांत त्यांनीं ही कल्पना पश्चिमेकडून उसनी आणलेली नाहीं हें दाखविण्यासाठीं गृह्यसूत्रांचा व कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा दाखला दिला आहे. मालकाच्या संमतीवांचून परक्याच्या घरांत शिरूं नये, हा नियम आपल्याकडे फार जुना आहे.

त्या निकालाची कसोटी २०२० च्या साथींत लागली. २ एप्रिलला आरोग्य सेतु हें उपयोजन निघालें, आणि १ मेच्या आज्ञेनें तें सरकारी व खाजगी नोकरांस सक्तीचें झालें. साथ खरी होती, भीति खरी होती. तथापि, जें सर्वांनीं खिशांत बाळगावयाचें तें आंतून कसें आहे हें सर्वांस पाहूं द्या, अशी मागणी जाणकारांनीं केली. १७ मे रोजीं सक्ति सैल झाली व २६ मे रोजीं अँड्रॉइडसाठींच्या आवृत्तीची संहिता प्रसिद्ध झाली. पुढें नोव्हेंबर २०२५ मध्यें संचार साथी हें उपयोजन प्रत्येक नव्या फोनमध्यें आधींच घालण्याचा हुकूम निघाला, तोही लोकांच्या हरकतीमुळें ३ डिसेंबरला मागें घ्यावा लागला.

येथें व्यवहारी वाचक विचारील कीं, आम्हांस ही संहिता वाचतां येत नाहीं, मग ती उघडी असून उपयोग काय? आक्षेप योग्य आहे. उघडेपणानें सर्व दोष आपोआप दिसतात असेंही नाहीं. इंटरनेटवरील व्यवहार सुरक्षित राखणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त आज्ञावलींतील एक घातक चूक दोन वर्षें कोणाच्याही नजरेस न येतां एप्रिल २०१४ मध्यें उघडकीस आली. शिवाय फेरफार केलेल्या प्रणालीवर बँकांचीं कांहीं उपयोजनें चालत नाहींत, ही अडचण आहेच. परंतु आपल्या सार्वजनिक वाचनालयाच्या हिशेबाच्या वह्या तरी आपण सारे कोठें तपासतों? वार्षिक सभेंत त्या टेबलावर असतात, हिशेब जाणणारे दोघेचौघे त्या चाळतात, आणि कोणीही चाळूं शकेल या धाकानें चिटणीस नीट वागतो. वह्या कुलपांत गेल्या कीं मग सभासदांच्या हातीं केवळ विश्वास उरतो.

या इतिहासांत उघडें आणि झांकलें हे शब्द परस्परविरोधी वाटतात, पण ते तसे नाहींत. करणाराची कृति उघडी असावी, म्हणजे वापरणाराचें घर झांकलेलें राहील, एवढाच त्याचा अर्थ आहे. जुन्या काळीं लिफाफ्याचा कागद उन्हाकडे धरून पाहतां येई. आंतील अक्षर दिसत असेल तर मनुष्य जाड लिफाफा घेई. फोन उन्हाकडे धरून कांहीं दिसत नाहीं. म्हणून ज्यांस दिसतें त्यांनीं पाहावें, बोलावें, आणि त्यांचें बोलणें आपण ऐकावें, हें आवश्यक झालें आहे. ट्रंकेच्या तळाशीं लिफाफे जपून ठेवणाऱ्या आपल्या आजीपणजींस या वादांतील एकही तांत्रिक शब्द कळला नसता. परंतु वाद कशाविषयीं आहे, हें सांगण्याची गरज त्यांस पडली नसती.