बसऱ्याला गेलेल्या माणसाचं नाव



एरवी या कार्यक्रमात आपण बचत, कर्ज, हप्ते, शेळीपालन यांवर बोलतो. आज मात्र आम्ही तुम्हाला एका नावाच्या शोधाची गोष्ट सांगणार आहोत. शोध आमच्या गटातल्या एका आजींनी सुरू केला, आणि त्यातून शंभर वर्षांपूर्वीचा इतिहास आमच्या हाती लागला.

या आजींच्या घरी सर्वपित्री अमावस्येला एक पान जास्तीचं वाढतात. ते त्यांच्या सासऱ्यांच्या थोरल्या चुलत्यांचं. पहिल्या महायुद्धात ते पलटणीबरोबर बसऱ्याला गेले आणि परत आलेच नाहीत. कोणत्या दिवशी गेले, कुठे पडले, अग्नी मिळाला की नाही, घरात कुणालाच कळलं नाही. तिथी माहीत नाही म्हणून सर्वपित्रीला पान. "आजेसासूबाईंनी सांगून ठेवलंय, पान चुकवायचं नाही," एवढंच आजी सांगायच्या.

गेल्या वर्षी मसाले आणि पापड घेऊन आमचा गट पुण्याला प्रदर्शनाला गेला होता. तिथे कळलं की खडकीला लढाईतल्या सैनिकांची मोठी दफनभूमी आहे आणि भिंतीवर नावंही कोरलेली आहेत. आजी हटून बसल्या. शेवटच्या दिवशी स्टॉल लवकर आवरला आणि आम्ही सातजणी रिक्षा करून खडकीला गेलो.

आत गेल्यावर आवाज आपोआपच खाली आला. नीट कापलेलं गवत, फुलझाडं, आणि एकसारख्या थडग्यांच्या रांगा. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांना तिथे पुरलेलं आहे. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी त्यांच्या कबरी होत्या. पुढे तिथे देखभाल होईल याची खात्री नव्हती, म्हणून त्या खडकीला एकत्र आणल्या. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात वारलेल्या अठराशेहून जास्त जणांचं स्मारकही तिथेच आहे. त्यातल्या ६२९ जणांचे अवशेष १९६२ साली मुंबईच्या शिवडीहून आणले. आपल्या मुलखात मरण आलेल्या आफ्रिकेतल्या १९३ सैनिकांचीही नावं तिथे आहेत. त्यांच्या कबरी सापडल्या नाहीत किंवा राखता आल्या नाहीत, पण नावं राखली आहेत.

आमच्यातल्या शिकलेल्या पोरींनी भिंतीवरची नावं वाचून काढली. आजींच्या घरचं नाव नव्हतं. आजी थोडा वेळ कट्ट्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "परक्या पोरांना आपल्या मातीत एवढी जागा दिली, चांगलंच केलं. पण मग आमचा माणूस कुठे लिहिलाय?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्हाला बरेच महिने लागले. वाचनालयात बसलो, एका निवृत्त सुभेदारांना भेटलो, मोबाईलवर शोधलं. जे हाती लागलं ते असं.

खडकीच्या त्या स्मारकावर नावं आहेत ती हिंदुस्थानात वारलेल्यांची. आपली माणसं मेली ती दूर, आजच्या इराकमध्ये. तेव्हा त्या मुलखाला मेसोपोटेमिया म्हणत. त्या मोहिमेवर इंग्रजांनी 'सहावी पुणे डिव्हिजन' पाठवली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये कुत नावाच्या गावात तुर्की फौजेनं त्यांना वेढलं. जवळजवळ पाच महिने वेढा उठला नाही. पीठ संपत आलं, भाकरी लहान होत गेली, घोडे कापून खायची पाळी आली. आपल्यातल्या पुष्कळ शिपायांनी बरेच दिवस ते मांस खायचं टाळलं. २९ एप्रिल १९१६ ला फौजेनं शरणागती पत्करली. हजारो जण कैदेत गेले आणि त्यातले कितीतरी वाटेतच उपासानं आणि आजारानं संपले.

आता स्मारकाची गोष्ट. १९१७ साली ब्रिटिश साम्राज्यानं युद्धातल्या मृतांच्या कबरींसाठी एक आयोग नेमला. खडकीची दफनभूमी आजही तोच आयोग सांभाळतो. त्याचा नियम चांगला होता. प्रत्येक मृताचं नाव कबरीवर किंवा स्मारकावर लिहायचं आणि त्यात हुद्दा, वंश, धर्म असा भेद करायचा नाही. साहेबाचा दगड मोठा, शिपायाचा लहान, असं चालणार नाही. आपल्या हिंदू आणि शीख शिपायांचं दहन व्हायचं, त्यामुळे त्यांची कबर नसायची. त्यांची नावं स्मारकाच्या भिंतीवर यायला हवी होती.

फ्रान्समध्ये तसं झालंही. न्यूव्ह शापेल या गावी १९२७ मध्ये हिंदुस्थानी सैनिकांचं स्मारक उभं राहिलं. त्यावर ४,७०० हून जास्त नावं आहेत. पण १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक बांधलं, तेव्हा तोच नियम मोडला. तिथे चाळीस हजारांहून जास्त मृतांची आठवण ठेवलेली आहे. ब्रिटिश पलटणींत साध्या शिपायाचंसुद्धा नाव कोरलं. हिंदुस्थानी पलटणींत अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि त्याखाली लिहिलं, आणखी इतके शिपाई. नुसता आकडा. युरोपात येणारेजाणारे बघतील म्हणून नावं, आणि बसऱ्याच्या वाळवंटात कोण बघणार म्हणून आकडा, असंच आम्हाला वाटलं.

ही गोष्ट शंभर वर्षांनी का होईना, आयोगानं कबूल केली. एप्रिल २०२१ मध्ये आयोगाचा स्वतःचा अहवाल आला. पहिल्या महायुद्धातल्या ४५,००० ते ५४,००० मृतांची आठवण इतरांच्या बरोबरीनं ठेवली नाही, असं त्यात म्हटलं आहे. आणखी किमान १,१६,००० जणांची नावंच कुठे लिहिली नाहीत, आणि हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही असू शकतो. ही माणसं मुख्यतः हिंदुस्थान, आफ्रिका आणि इजिप्तची. आयोगानं माफी मागितली, ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली.

माफी ऐकून आजी म्हणाल्या, "माफी राहू दे. नाव सापडतंय का बघा."

बसऱ्याच्या भिंतीवर नसलेली पुष्कळ नावं आयोगाच्या कागदोपत्री नोंदवहीत मात्र आहेत, आणि ती नोंदवही आता मोबाईलवर बघता येते. आमच्या बँक सखीनं दोन संध्याकाळी बसून शोध घेतला. नावं इंग्रजीत, तीही साहेबाच्या कानाला ऐकू आली तशी लिहिलेली. आजींच्या माणसाच्या नावाचे तिघे सापडले. एकाच्या नोंदीत बापाचं नाव जुळत होतं. गावाचं नाव मात्र असं लिहिलेलं, की ते आमचंच की शेजारच्या तालुक्यातलं, ते ठरेना. पण मृत्यूची तारीख स्पष्ट होती. आम्ही आजींना म्हणालो, खात्री देता येत नाही. आजी म्हणाल्या, "तारीख लिहून द्या. चुकलं तर दुसऱ्या कुणाच्या घरच्याला घास पोचेल. तोही उपाशीच असेल."

मैत्रिणींनो, याच नोंदवहीत आम्हाला आणखी एक गोष्ट दिसली. दुसऱ्या महायुद्धातल्या अनेक नोंदींत शिपायाच्या बापाबरोबर आईचं नाव आहे, आणि लग्न झालेलं असेल तर बायकोचंही. गावच्या कुठल्याही दगडावर आम्ही असं पाहिलेलं नाही.

रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे याच युद्धात गेले. १० जुलै १९४४ ला इटलीत त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. बाकीचे सगळे पडले किंवा जखमी झाले, तेव्हा हा बावीस वर्षांचा मुलगा एकटा त्या मशीनगनवर धावून गेला आणि ती बंद पाडूनच थांबला. मग शत्रूच्या गोळीनं तो गेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर आहे आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे. त्यांचं नाव राहिलं याचा आनंदच आहे. पण प्रत्येकाला पदक मिळत नाही. जो उपासानं किंवा तापानं मेला, त्याच्या आईचंही दुःख तेवढंच.

आपल्याकडे ही आठवण ठेवायची रीत जुनीच आहे. देवळाबाहेरचा वीरगळ आपण सगळ्यांनी पाहिलाय. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला घेऊन चालल्या आहेत, वर तो महादेवाची पूजा करतोय, आणि डोक्यावर चंद्रसूर्य. आपण त्याला तेल-शेंदूर लावतो, पण वीर कोण होता ते बहुतेक ठिकाणी माहीत नसतं. इंग्रजांनी पहिल्या युद्धानंतर गावोगावी पाट्या बसवल्या, त्यांवरही या गावातून इतके गेले, इतके मेले, एवढंच लिहिलेलं. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे हे गाव सैनिकांचं गाव म्हणून प्रसिद्ध आहे. तिथले ४६ जण त्या एका युद्धात गेले. ४६ म्हणताना एक श्वास पुरतो. ४६ नावं घ्यायची तर थांबून घ्यावी लागतात.

आज दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस हजारांहून जास्त सैनिकांची नावं एकेका दगडावर कोरलेली आहेत. ते २०१९ मध्ये खुलं झालं. तेवढं मोठं काम आपल्या हातात नाही. पण गावापुरतं आहे.

आमच्या गटानं तीन कामं ठरवली आहेत. पहिलं, गावच्या पाटीवर जो आकडा आहे त्याची नावं म्हाताऱ्या माणसांकडून, घरच्या जुन्या कागदांतून आणि त्या नोंदवहीतून गोळा करायची, आणि प्रत्येकाच्या नावासोबत त्याच्या आईचं नि बायकोचं नाव लिहायचं. दुसरं, ती यादी १५ ऑगस्टला ग्रामसभेत वाचायला लावायची. तिसरं काम आपल्या घरातलं. स्वातंत्र्यदिनी वीरपत्नीला आपण खुर्चीवर बसवतो, नारळ देतो, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिच्या दारावरून पुढे जातो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आमच्या गटानं यंदा ठरावाची वाट पाहिली नाही. पहिलं वाण आमच्या गावच्या वीरपत्नीला दिलं. दोघी उठून गेल्या. बाकीच्या बसल्या.

आजींच्या घरी सर्वपित्रीचं पान अजूनही वाढतात. यंदापासून त्या तारखेलाही एक पान वाढलं. आजींनी नातवाला पुढे बसवलं आणि म्हणाल्या, "नाव घे. मोठ्यानं घे."

तुमच्या गावच्या पाटीवर आकडा किती आहे, ते बघून ठेवा. पुढच्या वेळी भेटलात की आकडा नको, नावं सांगा. नमस्कार.