ब्रिजभूषण काब्रा आणि गिटारवरील रागवादन : एक दुर्लक्षित अध्याय

१९६७ साली प्रसिद्ध झालेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही हिंदुस्थानी संगीतातील अत्यंत लोकप्रिय ध्वनिमुद्रिकांपैकी एक होय. काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस रागांच्या माध्यमातून उभा करणाऱ्या या मुद्रिकेत संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर होते. पुढे चौरसिया यांना २००० मध्ये व शर्मा यांना २००१ मध्ये पद्मविभूषण लाभले. काब्रा यांचे नाव मात्र जाणकारांच्या वर्तुळापुरतेच राहिले. या विषमतेची कारणमीमांसा करणे संगीतेतिहासाच्या दृष्टीने आवश्यक ठरते.

काब्रा यांचा जन्म १९३७ साली जोधपूर येथे झाला. त्यांचे बंधू दामोदरलाल हे सरोदवादक होते. स्वतः काब्रा यांनी उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे तालीम घेतली. त्या काळी हवाईयन गिटार भारतात मुख्यतः सुगम व चित्रपटगीतांच्या धून वाजवण्यासाठी परिचित होती. काब्रा यांनी ती मांडीवर आडवी घेऊन, तारांवरून पोलादी कांडी फिरवत आलाप, जोड, झाला व गत असा संपूर्ण रागविस्तार सादर केला. चिकारीच्या तारेची जोड देऊन त्यांनी वाद्य रागसंगीतास अनुकूल केले. विचित्रवीणेत तारेवरून बट्टा सरकवून मींड काढण्याची परंपरा असल्याने हे तंत्र भारतीय संगीतास सर्वस्वी परके नव्हते. परके होते ते वाद्याचे नाव.

येथेच उपेक्षेचे एक कारण संभवते. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारमध्ये बदल करून तिला ‘मोहनवीणा’ हे नाव दिले व १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळवला. काब्रा यांचेच शिष्य देबाशिष भट्टाचार्य यांनी आपल्या वाद्यास ‘चतुरंगी’ म्हटले. नव्या नामाभिधानामुळे ही वाद्ये भारतीय म्हणून ओळखली जाणे सुलभ झाले. काब्रा यांनी मात्र ‘गिटार’ हेच नाव कायम ठेवले. परिणामी, पाश्चात्त्य वाद्य वाजवणारा कलावंत अशीच त्यांची प्रतिमा राहिली असावी.

२०१८ मध्ये काब्रा यांचे निधन झाले. वाद्याचे भारतीयत्व त्याच्या नावावर ठरवायचे की त्यातून प्रकटणाऱ्या रागावर, हा त्यांच्या कारकिर्दीने उपस्थित केलेला प्रश्न आहे. हार्मोनियम व व्हायोलिन यांना परक्या नावांसह स्वीकारणाऱ्या परंपरेने गिटारच्या या आद्य साधकासही त्याचे उचित स्थान द्यावयास हवे.